गंबोरो : पिल्लांचा एक रोग आणि त्याचा बंदोबस्त



पत्रिकेवर आमचे नाव पाहून आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत झाली असेल की, आज बोनस, महागाईभत्ता किंवा गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न ऐकावयास मिळणार. विषय वाचल्यावर एका जुन्या सोबत्याने तर आम्हाला लालबागच्या नाक्यावर गाठून विचारले, "काय हो, माणसांची युनियन सोडून आता कोंबड्यांची काढता की काय?" आम्ही म्हटले, "आधी ये, ऐक, आणि मग हस." तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. तेव्हा बोलणे भाग आहे.

आरंभीच सांगून टाकतो की आम्ही पशुवैद्य नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे वडील होते. आम्ही तेव्हा सातवीत होतो. त्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्रशाळेत, युनियनच्या कचेरीत आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, शब्दकोश शेजारी ठेवून. या विषयाकडे मात्र आम्ही पुस्तकातून वळलो नाही. दोन आजारी पिल्लांनी आम्हाला त्याकडे वळविले. ती हकीकत प्रथम सांगतो.

आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, संपानंतर पुन्हा कामावर लागले नाहीत. पुष्कळ वर्षांनी हिशेबाचे थोडे पैसे हाती आले. ते घेऊन ते सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी गेले आणि तेथे त्यांनी हजार पिल्लांची एक शेड उभी केली. दोन बॅचेस चांगल्या गेल्या. १९९४ च्या उन्हाळ्यात तिसरी बॅच पंचवीस दिवसांची झाली आणि एका सकाळी पिल्ले पिसे फुलवून कोपऱ्यात बसू लागली. पांढरे, पाण्यासारखे हगू लागली, थरथरू लागली. दुसऱ्या दिवशी वीस मेली, तिसऱ्या दिवशी शंभरावर. चार दिवसांत तीनशेहून अधिक पिल्ले खड्ड्यात पुरली. पिल्ले देणाऱ्याकडे विचारणा केली तर उत्तर मिळाले, "लस दिली होती ना? मग आम्ही काय करणार?" लस तर दिली होती. आबांनी स्वतःच्या हाताने दिली होती.

तेव्हा त्यांनी दोन आजारी पिल्ले टोपलीत घातली, वर फडके बांधले आणि रात्रीची एस.टी. धरली. कंडक्टरशी थोडी हुज्जत झाली. पहाटे परळ डेपोला उतरून टोपली घेऊन ते आमच्या खोलीच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "ते जनावरांचं कॉलेज कुठं आहे रे? गिरणीत जाताना रोज बघायचो, पण आत कधी गेलो नाही."

मंडळी, परळचे ते पशुवैद्यक महाविद्यालय २ ऑगस्ट १८८६ रोजी सुरू झाले. त्याच्याच अंगाला असलेले जनावरांचे इस्पितळ तर त्याहूनही जुने. दिनशा माणेकजी पेटिट या गिरणीमालकाच्या देणगीतून ते उभे राहिले आणि त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव त्याला दिले गेले. त्याच परळात हाफकिन संस्था आहे, जिचा आरंभ प्लेगच्या लसीपासून झाला. म्हणजे गिरणीचा भोंगा जेथे वाजत होता तेथेच, हाकेच्या अंतरावर, माणसांच्या आणि जनावरांच्या साथींवर संशोधन चालले होते. पण भिंतीच्या अलीकडल्या आम्हा लोकांना त्याचा कधी पत्ता लागला नाही. आज जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ या भिंतीत आहे, म्हणून तिचा उल्लेख करून ठेवला.

तेथील एका डॉक्टरांनी टोपली पाहिली. एक पिल्लू आमच्यादेखत फाडून दाखविले. मांडीच्या आणि छातीच्या मांसावर रक्ताचे लाल फटकारे उमटले होते. मग शेपटीखाली, गुदद्वाराच्या वरच्या अंगाला, एक लहानशी पिशवी त्यांनी चिमट्याने उचलून धरली. एरवीपेक्षा ती फुगून दुप्पट झाली होती आणि तिच्यावर पिवळसर, बुळबुळीत आवरण होते. डॉक्टर म्हणाले, "बाबा, हा गंबोरो. याला औषध नाही."

आता हा गंबोरो म्हणजे काय ते पाहू. गंबोरो हे अमेरिकेतील डेलावेअर राज्यातील एका लहान गावाचे नाव. १९५७ च्या सुमारास त्या भागातील कोंबड्यांत हा रोग दिसू लागला आणि १९६२ मध्ये कॉसग्रोव्ह या संशोधकाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला मेलेल्या पिल्लांचे मूत्रपिंड बिघडलेले दिसले, म्हणून प्रथम तो मूत्रपिंडाचाच रोग समजला गेला. घाव खरा कोठे बसतो हे पुढे कळले. तो बसतो त्या शेपटीखालच्या पिशवीवर. भारतात या रोगाची पहिली नोंद १९७१ सालची आहे. १९८० नंतरच्या वर्षांत युरोपात त्याचा फार जहाल प्रकार निघाला आणि १९९० नंतर लवकरच तो आपल्या देशातही पोहोचला. आबांची शेड त्याच लाटेत सापडली.

त्या पिशवीची कथा मोठी मनोरंजक आहे. पादुआच्या विद्यापीठात फॅब्रिशियस नावाचे एक शरीरशास्त्रज्ञ होते. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे त्यांचाच विद्यार्थी. फॅब्रिशियसने ही पिशवी पाहिली, तिचे वर्णन लिहिले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापले गेले. तेव्हापासून तिला फॅब्रिशियसची पिशवी म्हणतात. पण तिचे काम काय? तीनशे वर्षे त्याचे निश्चित उत्तर कोणापाशी नव्हते.

१९५० नंतरच्या काळात अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने ती पिशवी काढून टाकून काय होते ते पाहण्याचे ठरविले. त्याने काही कोवळ्या पिल्लांच्या पिशव्या काढल्या. पिल्ले वाढली, धडधाकट दिसली, काही विशेष आढळले नाही. पुढे चँग नावाच्या त्याच्या सोबत्याला वर्गात एक प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. जंतूंचा अंश टोचला की कोंबडीच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, एवढेच दाखवावयाचे होते. ग्लिकने आपल्या उरलेल्या कोंबड्या दिल्या. प्रात्यक्षिक फसले! काही कोंबड्या मेल्या आणि कित्येकांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. नोंदी तपासल्या तेव्हा कळले की ज्यांच्या पिशव्या काढल्या होत्या त्याच या कोंबड्या. एका मोठ्या विज्ञानपत्रिकेने त्यांचा लेख परत पाठविला. अखेर १९५६ मध्ये तो कोंबडीपालनाच्या शास्त्राला वाहिलेल्या एका मासिकात छापून आला. आज माणसाच्या रक्ततपासणीत डॉक्टर ज्यांना 'बी' पेशी म्हणतात त्यांतला 'बी' हा या पिशवीच्या, म्हणजे बर्साच्या, नावावरून आलेला आहे. माणसाला ती पिशवी नाही. आपले ते काम हाडांतील मज्जा करते. पण ही गोष्ट जगाला शिकविली ती कोंबडीने.

तेव्हा ही पिशवी म्हणजे पिल्लाच्या शरीरातील तालीमखाना समजा. येथे रक्षक पेशी तयार होतात आणि मग सगळ्या अंगभर आपापल्या कामावर जातात. गंबोरोचा विषाणू नेमका या तालीमखान्यात शिरतो आणि तयार होत असलेल्या पेशींनाच मारतो. प्रथम पिशवी सुजते, मग झपाट्याने आक्रसते. आठवडाभरात ती मूळच्या तिसऱ्या हिश्शाएवढी उरते.

याचा परिणाम वयावर अवलंबून असतो. तीन ते सहा आठवड्यांचे पिल्लू असेल तर रोग उघड दिसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतूक सर्वांत जास्त होते आणि आठवड्याभरात थांबते. पण तीन आठवड्यांच्या आतील पिल्लाला लागण झाली तर बहुधा काहीच दिसत नाही. पिल्लू खाते, पिते, हिंडते. मात्र त्याची प्रतिकारशक्ती जन्मभरासाठी खच्ची होते. पुढे त्याला मानमोडीची, म्हणजे रानीखेतची, लस टोचली तरी ती नीट लागू पडत नाही. एरवी अंगावर निभावून नेता येणारे जंतू त्याला मारतात. शेतकरी म्हणतो, लस खोटी होती. औषधवाला म्हणतो, खाद्य वाईट होते. खाद्यवाला म्हणतो, हवा वाईट होती. आणि खरा चोर तीन आठवडे आधीच घर फोडून गेलेला असतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा साऱ्या देशाची वृत्तपत्रे त्या बातम्यांनी भरून गेली आणि लोकांनी कोंबडी खाणे सोडले. गंबोरो माणसाला होत नाही, म्हणून त्याचा गाजावाजा होत नाही. आपल्या ताटाला त्याची भीती मुळीच नाही, हे येथे जमलेल्या गृहिणींना मुद्दाम सांगतो. भीती आहे ती ज्याच्या शेडमध्ये तो शिरतो त्याच्या संसाराला.

आता बंदोबस्ताकडे वळू. औषध नाही म्हटल्यावर दोनच मार्ग उरतात. रोगाला आत येऊ न देणे, आणि आला तर पिल्लू आधीच तयार ठेवणे.

पहिला मार्ग स्वच्छतेचा. पण हा विषाणू फार चिवट आहे. पुष्कळ विषाणूंच्या अंगावर स्निग्ध आवरण असते आणि ते साबणाने फाटते. याला तसे आवरणच नाही. रोगट कोंबड्या काढून टाकल्यावरही शेडमध्ये तो १२२ दिवस टिकून राहिल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे. तुसात जे काळे किडे होतात त्यांच्या अंगातूनही तो एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातो. म्हणून जुने तूस सगळे बाहेर काढावे लागते, शेड घासून धुवावी लागते, फॉर्मालिनसारखे कडक औषध फवारावे लागते, चुना मारावा लागतो आणि मग शेड काही काळ रिकामी ठेवावी लागते. सगळी पिल्ले एकदम आत, सगळी एकदम बाहेर, हा नियम पाळावा लागतो. आबांनी पैसे वाचविण्यासाठी अर्धे जुने तूस तसेच ठेवले होते.

दुसरा मार्ग लसीचा, आणि यातच खरी मेख आहे. कोंबडी आपल्या अंगातील प्रतिपिंडे अंड्याच्या बलकातून पिल्लाला देते. ही आईची शिदोरी. मांसल जातीच्या पिल्लात ती दर तीन-साडेतीन दिवसांनी निम्मी होत जाते, अंड्याच्या जातीत थोडी सावकाश सरते. पिल्लांना पाण्यातून पाजावयाची लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू. ती फार लवकर दिली तर आईची प्रतिपिंडे त्या लसीलाच निकामी करतात. फार उशिरा दिली तर शिदोरी सरलेली असते आणि तोवर शेडमधील जहाल विषाणू आपला डाव साधून जातो. मधल्या अवघ्या काही दिवसांच्या फटीत लस गेली पाहिजे. शिवाय सगळ्या पिल्लांची शिदोरी सारखी नसते. म्हणून काही पिल्लांचे रक्त तपासून लसीचा दिवस काढण्याचे गणित हॉलंडमधील डेव्हेंटर येथील संशोधकांनी बसविले आणि ते आज जगभर वापरतात. सामान्यतः हा दिवस बारा ते अठरा दिवसांच्या दरम्यान येतो. लस सौम्य घ्यावी की कडक, हाही विचार असतोच. सौम्य लस जहाल विषाणूपुढे अपुरी पडते आणि फार कडक लस त्याच पिशवीला स्वतःच थोडी इजा करते.

एवढे सारे जमले तरी शेवटचे काम उरते. लस थंडीत, दोन ते आठ अंश उष्णतेत, ठेवावयाची. नळाला क्लोरीन असेल तर ते पाणी वापरावयाचे नाही, कारण क्लोरीनने लसीतील विषाणू मरतो. पाण्यात थोडी दुधाची भुकटी मिसळावयाची, म्हणजे क्लोरीनचा उरलासुरला अंश मारला जातो. पिल्लांना आधी तासभर तहानलेले ठेवावयाचे, म्हणजे सगळी मिळून दोनएक तासांत ते पाणी संपवतात.

परळच्या डॉक्टरांनी आबांना हे एकेक विचारले. लस कोठून आणली? तालुक्याच्या दुकानातून. कशी आणली? पिशवीत, एस.टी.ने. बर्फ होता का? दिला होता थोडा, वाटेत वितळला. पाणी कोणते? गावच्या टाकीचे. टाकीत पावडर टाकतात का? टाकतात, दर आठवड्याला.

डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "बाबा, तुमची लस भांड्यात पडण्याआधीच मेली होती."

आबा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. अठ्ठावीस वर्षे त्यांनी साच्यावर काढली होती. धागा तुटला तर आवाजावरून ओळखणारा माणूस. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कुणी सांगितलं असतं तर मी चुकलो नसतो." डॉक्टरांनी त्यांना साबण दिला, हातपाय धुवावयास सांगितले आणि बजावले की हे कपडे आणि ही चप्पल घालून पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकू नका, टोपली तर येथेच जाळतो. येताना आपण रोग अंगावर घेऊन आलो होतो हेही आबांना तेव्हाच कळले.

मंडळी, आबांचे ते वाक्य आम्ही विसरलो नाही. १९५६ मध्ये पिशवीचे काम कळले. १९६२ मध्ये रोगाचे वर्णन झाले. लसी निघाल्या, गणिते बसली. आणि १९९४ मध्ये ज्या हाताने लस पाण्यात ओतली त्या हाताला क्लोरीनची गोष्ट ठाऊक नव्हती. लसीची बाटली कारखान्यापासून तालुक्यापर्यंत थंड पेटीतून आली, आणि तिच्याबरोबर यावयाची माहिती मात्र वाटेतच राहिली. संशोधन अपुरे पडले असे कोणी म्हणू नये. ते शेडच्या दारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, असे म्हणावे.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. काही अंशी ते खरे आहे. आता अंडी उबवणी केंद्रातच एका दिवसाच्या पिल्लाला, किंवा अंड्यातल्या अंड्यातच, टोचावयाच्या लसी निघाल्या आहेत. आईची शिदोरी त्यांच्या आड येत नाही. हे मोठे पाऊल आहे आणि त्याचे आम्ही स्वागत करतो. पण तूस तेच, किडे तेच, विषाणूचा चिवटपणा तोच.

शिवाय धंद्याची रीत बदलली आहे. आज महाराष्ट्रात पुष्कळ शेतकरी कराराने पिल्ले वाढवितात. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी, तूस आणि मेहनत शेतकऱ्याची. मोबदला किलोमागे मिळतो. मरतूक ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की बहुधा त्या मोबदल्यातून कापले जाते. शेड रिकामी ठेवली तर विषाणू कमी होतो, पण रिकाम्या शेडला मोबदला नाही. गडी लावून सगळे तूस काढले तर रोग टळतो, पण त्या गड्याची मजुरी कोणाच्या खात्यावर? म्हणजे शास्त्र सांगते थांब, आणि पोट सांगते पुढची बॅच घाल. मग एखादा शेतकरी रोग लपवितो, घाईने पक्षी विकून मोकळा होतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. झाकलेला रोग शेजारच्या शेडमध्ये उजाडतो.

आम्ही युनियनचे माणूस, म्हणून मागण्यांशिवाय आमचे भाषण संपत नाही. चारच आहेत. एक, करारावर पिल्ले कोणत्या कळपातील, त्यांच्या आयांना कोणत्या लसी दिल्या, हे लिहून मिळावे. दोन, पिल्लू फाडून पाहिल्याचा आणि रक्ततपासणीचा निकाल शेतकऱ्याच्या हाती, मराठीत, त्याच आठवड्यात पडावा. तीन, दोन बॅचेसमधल्या रिकाम्या दिवसांचा खर्च दोघांनी मिळून सोसावा, कारण त्यात दोघांचाही फायदा आहे. चार, फॉर्मालिन फवारणाऱ्या मजुराला चांगला मुखवटा आणि हातमोजे द्यावेत. त्याची वाफ फुप्फुसाला घातक आहे आणि तिने कर्करोग होऊ शकतो हे जगन्मान्य झालेले आहे. पिल्लांच्या प्रतिकारशक्तीची काळजी वाहताना माणसाची छाती विसरून चालणार नाही.

आपण शहरातली माणसे यात काय करणार, असे आपण विचाराल. आपल्यापैकी निम्म्यांचे भाऊबंद साताऱ्यात, कोल्हापुरात, कोकणात आहेत. मे महिन्यात गावी जाल तेव्हा शेड असलेल्या भावाला एवढेच विचारा की, लस कशातून आणतोस आणि पाणी कोणते घालतोस. त्याला उत्तर ठाऊक नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच्याबरोबर जा. आबांना तसे कोणी विचारले असते तर त्यांची ती बॅच वाचली असती की नाही, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तूसही जुनेच होते. पण ते अज्ञानापायी हरले नसते.

आबांनी त्यानंतर शेड धुतली, चुना मारला, चार महिने रिकामी ठेवली आणि पुन्हा पाचशे पिल्ले घातली. लस आणावयाला ते स्वतः थर्मास घेऊन जात, आणि पाणी विहिरीचे, स्वतः शेंदलेले. ती बॅच उभी राहिली. पुढे नऊ वर्षे त्यांनी तो धंदा केला. शेडच्या दाराशी चुन्याचे एक घमेले ठेवलेले असे, आणि त्यात पाय बुडविल्याखेरीज ते आम्हालाही आत येऊ देत नसत.

तिसऱ्या रांगेतील सोबतीही हसला नाही, याबद्दल त्याचे विशेष आभार मानून आम्ही आपली रजा घेतो.